दारं धरून बसलेले काका

काकांच्या घराबाहेर एक पिवळा बल्ब होता आणि तो कधीही लागायचा. भर दुपारी रणरणत्या उन्हात जळायचा आणि तिन्हीसांजेला, सगळी गल्ली उजळलेली असताना, हा आपला विझलेला. वाशीच्या, म्हणजे मुंबईच्या नव्हे, येडशीकडच्या वाशीच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायला लागले आणि खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा शहाणपणा करून पहिलं वाक्य हेच बोलले, की काका, तुमचा बल्ब चालू राहिलाय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "राहिला न्हाय. आलाय."

मग समजावून सांगितलं. त्यांच्या शेतात विहीर होती. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला त्यांनी एक डबी जोडली होती, डबीत मोबाईलचं सिमकार्ड होतं, आणि शेतात लाईट आली की ती डबी इथं घरावरचा बल्ब लावायची. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, मधूनच गायब. बल्बही तसाच. काकू आतून म्हणाल्या की खोली घ्यायची तर ह्या बल्बासकट घ्यावी लागेल. मी घेतली, आणि बरीच वर्षं त्यांच्या माडीवर राहिले.

काका कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. कुणाला पाणी कधी सुटणार आणि कुणाचं कधी बंद होणार हे ठरवण्यात, आणि त्यावरून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, ह्यांनी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. त्यांचा कॉम्प्युटर काकूंच्या जुन्या शिलाई मशीनवर ठेवलेला होता. मशीनचं मुंडकं काढून टाकलेलं, पण खालचं पायडल तसंच. कुठं अडलं की काका पडद्याकडे बघत पायडल मारायला लागायचे. खडखड, खडखड. माडीवर मला आणि स्वयंपाकघरात काकूंना कळायचं की गाडी अडली. काकू तिथूनच विचारायच्या, "अडलं का कुठं?" आणि काका न वळता म्हणायचे, "सुटंल." रोजचं होतं हे. काही घरांत देवाची घंटा ऐकू येते, ह्या घरात हे ऐकू यायचं.

त्यांनी जे लिहिलं त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'दारं'. रानात पाणी देताना एका वाफ्याचं तोंड बंद करून पुढच्याचं उघडायचं, त्याला दारं धरणं म्हणतात, तेच हे. आमच्या जिल्ह्यात जमिनी वाटल्या जातात, विहीर मात्र वाटता येत नाही. ती चौघांत राहते, कुणाचा चार आणे हिस्सा, कुणाचा दोन आणे, आणि ज्याचा त्याचा वार ठरलेला. आता तुमचा मंगळवार आहे आणि मंगळवारी लाईटच आली नाही, तर काय करायचं? ह्यावरून भावाभावांची डोकी फुटलेली काकांनी पाहिली होती. 'दारं' ते गेलेले तास मोजायचं, सगळ्यांचे वार थोडे थोडे सरकवून ज्याची त्याची भरपाई करायचं आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर कळवायचं की उद्या दारं तुमचं. विहिरीवरची डबीही मग ज्याची पाळी त्याच्यासाठीच मोटार सुरू करायची. एवढंच. पण विहिरीवरची किती भांडणं त्यामुळे मिटली हे काकूंनाच माहीत, कारण लोक येऊन आभार काकूंचे मानायचे. काकांसमोर बोलायची सोय नव्हती, ते लगेच विचारायचे, "काय चुकतंय ते सांगा आधी."

हे सगळं त्यांनी इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. कुणीही बघावं, घ्यावं, बदलावं. मी त्यांना सांगितलं की असं करणारी माणसं जगभर आहेत, त्याला ओपन सोर्स म्हणतात आणि त्या जगाचे काही शब्द आहेत. कुणी तुमचा अख्खा प्रोग्रॅम उचलून आपल्या वाटेनं निघाला तर तो फोर्क. कुणी केलेले बदल मूळ प्रोग्रॅममध्ये आणून मिसळले तर ते मर्ज. काकांनी दोन मिनिटं पायडल मारलं.

"म्हंजी वेगळी चूल आन एकत्र खटलं," ते म्हणाले.

तसंच, मी म्हटलं. पण त्यांना खरं नवल वाटलं ते वेगळंच. जमीन वाटली की बांध घालावा लागतो, बांधात जमीन जाते, दोघांच्याही वाट्याला कमीच येतं. आणि इथं वाटणी झाली तर दोघांनाही अख्खं मिळतं. मग ह्यात लोक भांडतात कशावरून, असं त्यांनी मला अगदी निरागसपणे विचारलं. मी म्हटलं, काका, भांडतात. लई भांडतात. त्यांना ते पटलं नाही.

बदल सुचवणाऱ्या माणसाला त्या जगात विनंती पाठवावी लागते. काका तिला 'दरखास्त' म्हणायचे, जुन्या कचेरीतल्या माणसासारखे. कुठल्याशा गावच्या मुलानं एखादी ओळ दुरुस्त करून दरखास्त पाठवली, की काका त्याला घरी बोलवायचे. गंमत नाही. लोक खरोखर यायचे. पुण्या-मुंबईकडचा कुणी असला तर काका येडशीच्या स्टेशनवर त्याला घ्यायला जायचे, हातात नाव लिहिलेली पाटी धरून; आणि पाटीवर त्याचं नाव नसायचं, त्यानं सुधारलेली ओळ असायची. रामलिंगाच्या देवळाला नेऊन आणायचे, सीताफळाचे दिवस असले तर पिशवी भरून द्यायचे. सुगीच्या आधी शेतात हुरडा असायचा आणि त्याला अशी सगळी दरखास्तवाली मंडळी जमायची. आगटीभोवती बसून हात काळे करत, शेंगाची चटणी खात ही माणसं प्रोग्रॅमवर वाद घालायची. काकू म्हणायच्या, आमच्याकडं लग्नाला येत न्हाईत एवढी माणसं ह्यांच्या खुळापायी येतात.

त्यातच एकदा नितीन आला. तामलवाडीचा. पुण्यातली नोकरी सोडून वडिलांच्या द्राक्षबागेत परतलेला, मोटरसायकलवरून धुळीनं माखून आलेला तिशीचा माणूस. तो काकांच्या चुका काढायला आला आणि जेवायला थांबला, तो पुढं येतच राहिला. काकूंनी घरच्या माणसासारखा त्याचाही एक तांब्या ठरवून टाकला. काका आणि तो तासन् तास भांडायचे. मला वर झोप लागायची नाही आणि खाली जाऊन ओरडलं तर दोघं मिळून मलाच पंच करायचे. काकांना मूल नव्हतं. हे मी अशासाठी सांगते की कुणी मनाशी जुळवील, पोटच्या पोरासारखा वगैरे. तसं नव्हतं. काका त्याला बरोबरीचा मानायचे. प्रोग्रॅमच्या किल्ल्या त्यांनी त्याला दिल्या; काकांना जेवढा अधिकार, तेवढाच त्याला.

बिनसलं ते एका नियमावरून. काकांचा नियम असा, की भरपाईपुरतं सरकवणं वेगळं, पण विहिरीवरच्या ठरलेल्या पाळ्याच बदलायच्या तर सगळ्या वाटेकऱ्यांनी मोबाईलवर 'हो' दाबलं पाहिजे. एकानं जरी दाबलं नाही, तरी बदल नाही. नितीनचं म्हणणं, बहुतेकांनी 'हो' म्हटलं की पुरे. त्यानं तसं लिहून दरखास्त पाठवली. काकांनी ती ठेवून घेतली. ना मंजूर, ना नामंजूर. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याच विहिरीवरची दोन आण्यांची वाटेकरीण मावशी होती, एकटी बाई. ते मला म्हणाले, उद्या बाकीचे तिघं एक होतील आणि तिला कायमची मध्यरात्रीची पाळी देतील, आणि वर म्हणतील की मशीननंच ठरवलं. ते चूक म्हणत नव्हते. पण नितीनच्या वडिलांची विहीरही सामाईक होती आणि तिच्यातला एक वाटेकरी, त्याचा चुलता, पुण्याला होता. ऐन फळ भरायच्या वेळी लाईटचं वेळापत्रक फिरलं, वडिलांच्या पाळीला लाईट येईना, बाकीचे पाळ्या बदलायला तयार होते आणि चुलत्यानं 'हो' दाबलंच नाही. वाकडेपणा नव्हता त्यात, त्यानं नंबर बदलला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. विहिरीत पाणी होतं, लाईट होती, आणि काकांच्या नियमानं त्यांच्यापुरती मोटार बंद. चुलता सापडेपर्यंत बाग गेली.

नितीन आला तो वाद घालायला आला नाही. उभ्यानंच म्हणाला, "काका, माझी दरखास्त तुमच्यापुढं पडून व्हती." एवढंच बोलला. काका पायडल मारत राहिले आणि त्या दिवशी काकूंनी आतून काही विचारलं नाही.

तो म्हणाला, मी फोर्क करतो. काका म्हणाले, कर, पण हुरड्याला ये आणि रीतसर कर.

त्या हुरड्याला फारसे कुणी नव्हते. आगटी विझत आलेली. काकांनी मला समोर बसवलं, पंच म्हणून, आणि आपल्याकडची वाटणीची रीत सांगितली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला कधी वाईट वाटा पाडत नाही, कारण तोच आपल्याला उरेल ही भीती. नितीन हसायचा प्रयत्न करत म्हणाला की काका, प्रोग्रॅमची वाटणी कशाला, मी कॉपी घेऊन जातो, तुमचं तुमच्याकडं राहतंच.

"जे कॉपी होतंय त्याची वाटणी नसतीच," काका म्हणाले. "जे होत न्हाय त्याची करायची. एक नाव हाय. आन एक माणसं हायती, आजवर जोडलेल्या विहिरींवरची. नाव एक वाटा, माणसं एक वाटा. तू धाकला. उचल."

मी आयुष्यात इतकी वेडगळ आणि इतकी गंभीर गोष्ट दुसरी पाहिलेली नाही. ज्याच्याशी रक्ताचं नातं नाही अशा माणसाला, तो सोडून चालला असताना, काका धाकटा भाऊ करून टाकत होते. नितीनला ते कळलं असावं, कारण तो काडीनं आगटीतली राख उकरत बसला. मग म्हणाला, "नाव."

काकांनी मान डोलावली. आम्ही जीपमधून घरी निघालो. काकूंच्या मांडीवर उरलेल्या हुरड्याची पिशवी होती आणि त्या ती उगाच घट्ट धरून बसल्या होत्या. मला काकांचा राग आला होता. नाव त्यांना हवं होतं, हे मला माहीत होतं, काकूंना माहीत होतं. पण वाटे समान पाडायचे म्हणजे समान पाडायचे.

त्यानंतर काकांच्या प्रोग्रॅमला नाव राहिलं नाही. पडद्यावर वर जिथं 'दारं' लिहिलेलं असायचं, तिथं कोरी चौकट. मी म्हटलं, दुसरं ठेवा की. त्यांनी ठेवलं नाही. लोक त्याला 'काकांचं' म्हणायला लागले, सरकारी माणसं 'ते जुनं' म्हणायची. नितीनचं 'दारं' नव्या रूपात झळकलं, मोबाईलवर देखणं दिसायचं, आणि नावाला ओळखणाऱ्या विहिरी हळूहळू तिकडं सरकल्या. वाटणीत काकांच्या वाट्याला माणसं आली होती. ती अशी एकेक करून गेली. काका कुणालाच अडवायचे नाहीत. उलट कुणी विचारलं तर तिकडं कसं जायचं हे स्वतः समजावून सांगायचे. राहिली ती त्यांची विहीर, मावशीची पाळी, आणि आसपासच्या थोड्या हट्टी लोकांच्या विहिरी.

आणि मग त्यांनी एक गोष्ट सुरू केली, जिच्यासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं. दर बाजारच्या दिवशी, भाजी आणून पिशवी ओट्यावर ठेवली की, काका शिलाई मशीनवर बसायचे आणि नितीननं आठवडाभरात त्याच्या प्रोग्रॅममध्ये जे जे बदललं असेल ते ते उतरवून घेऊन आपल्यात मिसळायचे. मर्ज. ते उघड्यावर असल्यामुळे त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. नितीन त्यांचं काही घेत नव्हता. हे एकतर्फी होतं.

ज्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन वेगळे झालेले प्रोग्रॅम पुन्हा एकत्र आणताना मशीन बरंचसं आपोआप करतं. पण दोघांनी एकच ओळ आपापल्या परीनं बदललेली असली, की मशीन थांबतं आणि विचारतं, ह्याचं ठेवू की त्याचं? काका अशा ओळीला 'बांध' म्हणायचे. बांधावर दोघांचा नांगर गेलाय, म्हणायचे. आणि जितके दिवस वेगळे राहाल तितके बांध वाढत जातात, इतके की शेवटी एकत्र यायचं म्हटलं तरी कुणाला जमत नाही. मग दोन प्रोग्रॅम कायमचे दोनच. मी कॉलेजात हे मुलांना एका तासात शिकवते. काका ते दर आठवड्याला करत होते. एकेक बांध वाचायचे, नितीननं असं का केलं असेल ह्याचा विचार करायचे, पायडल मारायचे, आणि दोघांचंही राहील अशी तिसरीच ओळ लिहायचे. नितीनचा तो बहुमताचा नियमसुद्धा त्यांनी आणून ठेवला, अख्खा, जसाच्या तसा, फक्त कुलूप लावून, बंद ठेवून. आपल्याला न पटलेल्या नियमाला इतकी जागा का देता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, त्याची खोली हाय ती, मोडायची कशाला.

"तो येणार नाही काका," मी एकदा चिडून बोलले.

"न आला तर न्हाय आला. पण आला तर वाट बुजलेली नसावी."

मला त्या वेळी ते पोरकट वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

सगळ्यात वाईट भाग पुढं आहे. वाटणीनंतर महिन्याभरातच काकांना उत्तर सापडलं होतं. अगदी साधं उत्तर. जो वाटेकरी काही बोलत नाही, त्याच्या पाण्याला हात लावायचा नाही; बाकीच्यांनी आपापसात पाळ्या बदलाव्यात. एवढंच. म्हणजे मावशीची पाळी कुणी हलवू शकणार नाही आणि पुण्यातल्या चुलत्यावाचून कुणाची बाग अडणार नाही. ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी त्यांनी खुर्चीतून उठून काकूंना बोलावून आणलं आणि उभं करून सगळं समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, हे त्या पोराला आधी का न्हाय सुचवलं? काका परत खुर्चीत बसले. हा घाव त्यांच्यावर शेवटपर्यंत राहिला. म्हणायचे, "उशीर माझ्याकडून झाला. त्याच्या बापाची बाग माझ्या उशिरानं गेली."

त्यांनी तो नियम लिहून नितीनला दरखास्त पाठवली. रीतसर, त्या जगाच्या पद्धतीनं. नितीनकडं तोवर इतक्या दरखास्ती येत असाव्यात, की ती पडून राहिली. किंवा पाठवणाऱ्याचं नाव बघून त्यानं उघडली नाही. मी काकांना सांगून थकले की एक फोन करा. दोन मिनिटांचं काम. ते ऐकेनात. वाटणी झाल्यावर थोरल्यानं धाकट्याच्या घरात जाऊन शहाणपण सांगायचं नसतं, अशी त्यांची रीत. त्यानं विचारलं तर सांगायचं. मी म्हटलं, मी करते फोन. तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. पंचानं निवाड्यानंतर बोलायचं नसतं हेही त्यात होतंच. रीत पाळणाऱ्या माणसांनी एकमेकांना किती छळावं ह्याला काही मर्यादा नाही. नितीन तिकडं रागानं गप्प, हे इकडं रीतीनं गप्प, आणि मधे ती दरखास्त पडून. दर हुरड्याला काका त्याला निरोप पाठवायचे, तेवढं रीतीत बसत होतं, आणि आगटीजवळ एक गोणपाट जास्त अंथरायचे.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटायची. बाजारच्या दिवशी मी टाईप करायला बसू लागले. मशीन अरुंद, मी खुर्चीवर, काका शेजारी स्टुलावर, आणि पाय मात्र त्यांचेच पायडलवर. मी बांध वाचून दाखवायचे, ते डोळे मिटून पायडल मारायचे आणि ओळ सांगायचे. शेवटी शेवटी पायातही जोर उरला नाही. पायडल अर्धंच फिरायचं आणि मागं यायचं. तरी काकू विचारायच्या, अडलं का कुठं, आणि तरी ते म्हणायचे, सुटंल.

शेवटच्या हिवाळ्यात हुरड्याला आम्ही तिघंच होतो आणि ते जास्तीचं गोणपाट. काकांनी चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, ह्या साली गोडी लई हाय. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी चहा घेता घेता गेले. माणसं जमली. अंगणात तयारी चालली असताना बाहेरचा बल्ब लागला, शेतात लाईट आली होती. कुणीतरी बंद करायला हात वर केला तेव्हा काकू इतकंच म्हणाल्या, राहू द्या, त्यो राहिला न्हाय, आलाय. तोवर मी रडले नव्हते.

नितीन त्या दिवशी आला नाही. तेरावंही झालं. काकूंनी नावही काढलं नाही, पण गाडी वाजली की त्या ओसरीकडं बघायच्या. नंतर एका दुपारी तो आला. केस पिकलेले, हातात हेल्मेट, खांद्यावर भरलेली मोठी बॅग. काकूंच्या पाया पडला. काकूंनी त्याला त्याच्याच तांब्यातून पाणी दिलं.

कळलं होतं त्याच दिवशी, तो मला खालच्या मानेनं म्हणाला, पण कुठल्या तोंडानं यावं हे कळेना. मग त्यानं ठरवून आणलेलं सांगितलं. काकांच्या विहिरी बघायला आता कुणी नाही. त्या बंद पडू द्यायच्या नाहीत. त्याला दोन्ही प्रोग्रॅम एकत्र करायचे होते. इतकी वर्षं झाली, दोन्ही लई लांब गेलेत, हजार बांध असतील, पण एकेक सोडवीन. महिना लागो, दोन लागोत. बायकोला सांगून आलोय, इथंच कुठंतरी राहतो. हे सगळं तो एका दमात बोलला, नवस बोलल्यासारखा.

मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, बस आणि सुरू कर.

तो शिलाई मशीनवर बसला. काकांचं उतरवून घेतलं, आपल्यात मिसळायची आज्ञा दिली आणि बाह्या मागं सारल्या. कॉम्प्युटरनं एक क्षण घेतला आणि झालं म्हणून सांगितलं. नितीन थांबून राहिला. त्याला वाटलं काहीतरी चुकलं. त्यानं सगळं पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच. एकही बांध नाही.

"असं कसं व्हईल?" तो म्हणाला.

मी त्याला बाजारच्या दिवसांचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग एकेक पान उघडून वाचायला लागला. त्याच्या स्वतःच्या ओळी तिथं होत्या, आठवड्याच्या आठवडा, त्याचा बहुमताचा नियम होता, कुलूप लावून जपलेला. नावाची ओळही काकांनी खोडलेली नव्हती, फक्त दाखवायची नाही एवढंच केलं होतं, त्याला वाटणीत दिली म्हणून. आणि मग त्याला तो न बोलणाऱ्या वाटेकऱ्याचा नियम दिसला. त्यानं तो दोनदा वाचला.

"हे कधी लिहिलं?"

"तू गेलास, त्याच्या पुढच्या महिन्यात. तुला दरखास्त पाठवली होती."

"म्या उघडलीच न्हाय," नितीन म्हणाला.

मग त्यानं काकांचा नियम चालू केला आणि स्वतःच्या नियमाचं कुलूप तसंच राहू दिलं. नावाची ओळ दाखवायची केली. त्या कोऱ्या चौकटीत इतक्या वर्षांनी 'दारं' उमटलं. संध्याकाळी मावशीला नेहमीसारखा निरोप जाणार होता, उद्या दारं तुमचं. फक्त आता वर नाव असणार होतं. काम संपलं होतं. बाहेर ऊनसुद्धा कललं नव्हतं, आणि त्याची बॅग तशीच भरलेली, भिंतीशी.

"मॅडम, एखादा तरी बांध ठेवायचा व्हता त्यांनी," तो म्हणाला. "मला काय करता आलं असतं."

तो पडद्याकडं बघत होता आणि त्याच्या नकळत त्याचे पाय पायडलवर हलायला लागले. खडखड, खडखड. काका गेल्यापासून तो आवाज घरात झाला नव्हता.

आत काकू भाकरी थापत होत्या. सवयीनं, हात न थांबवता, त्यांनी तिथूनच विचारलं, "अडलं का कुठं?"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण थापण्याचा आवाज एकदम थांबला.

नितीननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "न्हाय काकू," तो म्हणाला, "कुठंच अडलं न्हाय."